पोरगं खो-खो खेळतंय, मग एमआरआय कशाला?

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. तान्हा असताना रडला की ओठ निळे पडायचे. तपासणीत ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयदोष निघाला आणि दीड वर्षाचा असताना मुंबईत ऑपरेशन झालं. तेव्हापासून तब्येत चांगली, शाळेच्या खो-खोच्या संघात आहे. दरवर्षी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो आणि डॉक्टर “ठीक आहे” म्हणतात. यंदा नव्या डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसाकडचा व्हॉल्व्ह बराच गळतोय, हृदयाचा उजवा खालचा कप्पा मोठा वाटतोय, तेव्हा रक्तप्रवाह मोजणारा हृदयाचा एमआरआय करून घ्या. सासूबाई म्हणतात, हुंदडणाऱ्या पोराला मशीनमध्ये कशाला घालता? मिस्टरांनी मोबाइलवर ‘फोर-डी फ्लो’ एमआरआयचे व्हिडिओ पाहिले. करायचा तर तोच, साधा करून पैसे वाया घालवायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एका नातेवाइकाने सांगितलं की सीटी स्कॅन लवकर होतो, तो उरका. आईला काय करावं ते सुचत नाही.

ताई,

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, “कधी कधी वाटतं, काही निघालंच तर पुन्हा त्याची छाती उघडणार. त्यापेक्षा कळलंच नाही तर बरं. आणि असं वाटतं म्हणून माझी मलाच लाज वाटते.” बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून मी आधी इथे थांबते, कारण खरा प्रश्न हाच आहे असं मला वाटतं. हृदयाचे एमआरआय करण्यात आणि वाचण्यात माझी अठरा वर्षं गेली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांच्या मनात हेच असतं, बोलून दाखवणाऱ्या फार थोड्या. दीड वर्षाचं लेकरू ऑपरेशन थिएटरच्या दाराशी दुसऱ्याच्या हातात देणं काय असतं, ते ज्याने दिलंय त्यालाच ठाऊक. ते पुन्हा नको वाटलं तर त्यात लाज कसली?

पण या भीतीच्या पोटात एक समजूत दडली आहे, ती जरा उजेडात आणू या. एमआरआय केला की ऑपरेशन लागणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. या वयात ही तपासणी पहिल्यांदा होते तेव्हा पुष्कळदा उत्तर येतं, “इतक्यात काही करायचं नाही, पुढच्या अमुक महिन्यात पुन्हा मोजू.” ऑपरेशन सुखरूपपणे किती लांबवता येईल हे ठरवण्यासाठीच आम्हाला हे आकडे हवे असतात. आकडे नसले की डॉक्टर अंदाजाने बोलतात, आणि अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो.

आता त्या पहिल्या ऑपरेशनबद्दल, कारण तुमच्या पत्रात दोनदा आलंय, “तेव्हा सगळं नीट केलं म्हणाले होते.” त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. टेट्रालॉजी म्हणजे चार दोषांचा संच. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉक्टर आर्तूर फॅलो यांनी १८८८ साली हे चारही दोष एकत्र मांडले, म्हणून त्यांचं नाव. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली, आणि अरुंद वाटेतून जोर लावून लावून उजव्या कप्प्याचे स्नायू जाड झालेले. फुप्फुसाकडे पुरेसं रक्त जात नाही, अशुद्ध रक्तातलं काही तसंच शरीरात फिरतं, म्हणून ओठ निळे. ऑपरेशनमध्ये छिद्र बुजवतात आणि वाट रुंद करतात. कित्येक मुलांत ती वाट इतकी निमुळती असते की व्हॉल्व्हच्या कड्यालाच चीर देऊन ठिगळ लावावं लागतं. अडथळा जातो, पण व्हॉल्व्ह नीट मिटेनासा होतो. फुप्फुसाकडे ढकललेल्या रक्तातलं काही प्रत्येक ठोक्याला मागे येतं. त्या दिवशी मूल वाचवायचं होतं आणि त्यासाठी ही गळती पत्करावी लागते. सर्जनची चूक शोधू नका, ती तिथे नाही.

हे ऑपरेशन जगात पहिल्यांदा झालं ते १९५४ साली, अमेरिकेत, डॉ. वॉल्टन लिलेहाय यांच्या हातून. ही गळती मूल सहज सोसतं, असं त्यानंतर बराच काळ डॉक्टरही मानत होते. ती मुलं मोठी झाली, त्यांचे उजवे कप्पे ताणून मोठे झालेले दिसू लागले, काहींच्या ठोक्यांची लय बिघडू लागली, तेव्हा कुठे कळलं की या मुलांवर आयुष्यभर लक्ष ठेवायला हवं. म्हणजे तुमच्या नव्या डॉक्टरांनी काही नवीन खूळ काढलेलं नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवातून आलेली ती रीत आहे.

सासूबाईंचा मुद्दाही मला सोडायचा नाही, कारण तो प्रेमातून आलाय आणि निम्मा खराही आहे. नातू खेळतोय, जेवतोय, दमत नाही, हे फार चांगलं लक्षण आहे. फक्त उजवा कप्पा मोठा सोशीक असतो. रोजचं जास्तीचं रक्त पोटात घेत तो वर्षानुवर्षं ताणत जातो आणि तक्रार करत नाही. तक्रार करतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. मग व्हॉल्व्ह बदलला तरी कप्पा पुन्हा मूळ मापावर येईलच असं नाही. शिवाय जन्मापासून ज्याचं हृदय असंच आहे, त्या मुलाला दुसऱ्या मुलाचा दम कसा असतो ते कळणार कुठून? तो नकळत स्वतःला सांभाळून घेतो. खो-खोच्या सरांना एक गोष्ट विचारून बघा. पाठलागाला उठला की हा गडी लांबवर पळतो, की दोन-चार पावलांत खो देऊन बसतो? दोन वर्षांपूर्वी काय करत होता? सरांच्या उत्तराने निदान होणार नाही, पण ते डॉक्टरांना जरूर सांगा. आणि मनानेच त्याचा खेळ बंद करू नका. किती खेळायचं ते ट्रेडमिलवरची तपासणी आणि ईसीजी पाहून डॉक्टर ठरवतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. इको दरवर्षी होतो, मग हे कशाला?

तुम्ही कृष्णाकाठच्या, तेव्हा नदीचंच उदाहरण घेते. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आलं हे पावसाळ्यात तुमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पण धरणावर बसलेल्या माणसाचं तेवढ्याने भागत नाही. किती क्युसेक पाणी सुटलं, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी पुढे गेलं, हा हिशेब त्याला लागतो. त्यासाठी पात्राची रुंदी, खोली आणि धारेचा वेग, तिन्ही हवं. काठावर उभं राहून वेग दिसतो, पाण्याचा रंग दिसतो, पूर चढतोय की उतरतोय ते कळतं. क्युसेक कळत नाहीत.

टू-डी इको म्हणजे काठावरून पाहणं. ते कमी दर्जाचं नाही. झडपा कशा हलतात, अडथळ्यापाशी वेग किती, दाब किती वाढलाय, हे इकोइतकं पटकन दुसरं काहीच सांगत नाही, आणि दरवर्षीचा इको तुमचा सुटणारही नाही. पण उजव्या कप्प्याचा आकार विचित्र असतो. डावा कप्पा साधारण लिंबासारखा, त्याचं माप काढता येतं. उजवा त्याला वेढा घालून बसलेला, चंद्रकोरीसारखा, तोही छातीच्या मधल्या हाडाच्या आड. मूल वाढलं, छाती रुंदावली, की इकोच्या लहरींना वाट मिळत नाही. फुप्फुसाकडे जाणाऱ्या डाव्या फाट्याचं तर १३ वर्षांच्या मुलात दर्शनही कधी कधी होत नाही. म्हणून तुमच्या रिपोर्टात “कप्पा मोठा वाटतो”, “गळती बरीच” असे शब्द आहेत. एकही आकडा नाही. डॉक्टरांनी आळस केला असं समजू नका. इकोने या दोन गोष्टींचा खात्रीचा आकडा देता येत नाही, एवढंच.

एमआरआय तो आकडा कसा काढतो, ते सांगते. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात. मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी त्यांना डिवचलं की ते संदेश देतात, त्यातून चित्र बनतं. त्यात चुंबकाच्या ताकदीला विशिष्ट चढउतार दिला की जागच्या जागी असलेल्या कणाचा संदेश आणि वाहत्या कणाचा संदेश यांत फरक पडतो, आणि तो फरक वेगाच्या प्रमाणात असतो. माझ्या पडद्यावर तुमच्या मुलाची फुप्फुसाकडची रक्तवाहिनी एखाद्या रुपयाएवढं वर्तुळ म्हणून दिसेल. आजूबाजूचं सगळं करडं. ठोका पडतो, वर्तुळ पांढरं फटक होतं, म्हणजे रक्त पुढे चाललंय. मग क्षणभर करडं. आणि झडप गळत असेल तर तेच वर्तुळ काळं पडतं, म्हणजे रक्त मागे येतंय. मी पहिल्यांदा ते पांढऱ्याचं काळं होताना पाहिलं तेव्हा बराच वेळ तेच पुन्हा पुन्हा चालवून पाहत बसले होते. कानाने ऐकू येणारी गळती डोळ्यांना दिसत होती. त्या वर्तुळातल्या प्रत्येक ठिपक्याचा वेग आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून संगणक बेरीज करतो. एवढे मिलिलिटर पुढे, एवढे मागे. हे झाले तुमचे क्युसेक.

आकड्यांनिशी दाखवते, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर बिचकायला होणार नाही. हे आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, तुमच्या मुलाचे नाहीत. समजा दर ठोक्याला ९० मिलिलिटर रक्त पुढे गेलं आणि ३६ मागे आलं. म्हणजे गळती ४० टक्के, कामाला आलेलं रक्त ५४. उजवा कप्पा पूर्ण भरल्यावर १८० मिलिलिटर, आकुंचन पावल्यावर ९०. मुलाच्या शरीराचं क्षेत्रफळ १.३ चौरस मीटर धरलं, तर प्रत्येक चौरस मीटरमागे भरलेला १३८ आणि रिकामा ६९. हा भागाकार महत्त्वाचा, कारण मूल वाढतंय आणि नुसता मोठा झालेला आकडा फसवा असतो. ज्यांना काही त्रास नाही अशांमध्येही, गळती मोठी असून भरलेल्या कप्प्याचा आकडा १६० च्या आणि रिकाम्याचा ८० च्या आसपास पोचला की व्हॉल्व्ह बदलायचा विचार सुरू करावा, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या उदाहरणातलं मूल त्याच्या अलीकडे आहे. ते घरी जाईल, खेळेल, आणि ठरलेल्या वेळी पुन्हा मोजायला येईल.

पण १५९ म्हणजे सुटका आणि १६१ म्हणजे ऑपरेशन, असंही वाचू नका. एका आकड्याला फार अर्थ नसतो. दोन वर्षांपूर्वी १२५ होता, आता १५५ झाला, यात अर्थ आहे. म्हणून पहिली मोजणी मूल ठणठणीत असताना झालेली बरी. पुढच्या सगळ्या मोजण्या तिच्याशी ताडून पाहता येतात. शक्यतो पुढची मोजणीही त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने करा. वजनकाटा बदलला की वजनही थोडं बदलतं, तसंच इथेही होतं.

एक हिशेब मी प्रत्येक रिपोर्टात करते, तो तुम्हीही करू शकता. छिद्र नीट बुजलेलं असेल तर फुप्फुसाकडे निव्वळ गेलेलं रक्त आणि महाधमनीतून शरीराकडे गेलेलं रक्त जवळपास सारखं यायला हवं. इकडे ५४, तर तिकडेही ५४ च्या आगेमागे. दहाएक टक्क्यांचा फरक चालतो. मोठी तफावत असेल तर एकतर पडद्यात अजून छिद्र आहे, किंवा दुसऱ्या कुठल्या वाटेने रक्त जातंय, किंवा मोजणी चुकली आहे. तसंच उजव्या आणि डाव्या फुप्फुसाची वाटणी पाहा. साधारण ५५ आणि ४५ टक्के अशी असते. टेट्रालॉजीच्या ऑपरेशननंतर डावा फाटा आखडलेला असणं आम्ही बऱ्याचदा पाहतो. डावीकडे २५ टक्केच जात असतील तर तो फाटा फुग्याने किंवा स्टेंटने रुंद करता येतो का, हा प्रश्न उभा राहतो. तसं केल्याने कधी कधी गळतीही कमी होते. इकोवर हे सगळं हातातून निसटलं असतं.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. त्यांनी पाहिलेले व्हिडिओ खरे आहेत. हृदयातून निळ्या-तांबड्या रेघा भोवऱ्यासारख्या फिरत जातात, फार सुंदर दिसतात. मी वर सांगितलं त्यात एका वेळी एका रक्तवाहिनीचा एकच छेद घेऊन एकाच दिशेचा वेग मोजतात. फोर-डी फ्लोमध्ये छातीचा सबंध ठोकळा एकदम घेतात, वेग तिन्ही दिशांनी मोजतात, आणि ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजतात. लांबी, रुंदी, खोली ही तीन आणि चौथा काळ, म्हणून फोर-डी. याचे फायदे खरेखुरे आहेत. मुलाला पुन्हा पुन्हा श्वास रोखावा लागत नाही. मूल घरी गेल्यावरही मी संगणकावर हव्या त्या रक्तवाहिनीचा छेद घेऊन मोजू शकते. एखादी वाट राहून गेली असं होत नाही. ज्या मुलांचा एकच खालचा कप्पा कामाचा आहे आणि ज्यांचं फाँटान ऑपरेशन (शरीराकडून परतणारं रक्त थेट फुप्फुसांकडे वळवणारं) झालंय, किंवा ज्यांच्या छातीत रक्ताला तीन-चार वेड्यावाकड्या वाटा आहेत, अशांचे आईबाप हे वाचत असतील तर त्यांना मी सांगेन की तुमच्या बाबतीत फोर-डीसाठी लांबचा प्रवास करणं सार्थकी लागू शकतं. शरीराकडून परतलेलं रक्त कुठल्या फुप्फुसात किती जातं, यासारखे प्रश्न त्यात चांगले सुटतात.

तुमच्या मुलाचे प्रश्न मात्र तीनच आहेत. उजवा कप्पा केवढा? गळती किती टक्के? दोन फुप्फुसांत वाटणी कशी? तिन्हींची उत्तरं साध्या फ्लो एमआरआयने चोख मिळतात. फोर-डी चित्र जरा भरड असतं, त्यावर तासन्‌तास काम करावं लागतं आणि ते करणारा माणूस तयार हवा. मोजण्याआधी वेगाची कमाल मर्यादा ठरवून द्यावी लागते, ती चुकली तर जुन्या तबकडीच्या वजनकाट्यासारखं होतं. वजन जास्त झालं की काटा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापाशी येतो, तसं जोरात पुढे जाणारं रक्त चित्रात मागे जाताना दिसतं. हे ओळखणारा डोळा नसेल तर रंगीत रेघा घेऊन काय करणार? तेव्हा मिस्टरांना माझा निरोप द्या. निवडलेल्या ठिकाणी फोर-डीची सोय असेल तर जरूर करून घ्या, नसेल तर त्यासाठी सहा महिने थांबू नका. तसंच ‘३ टेस्ला’च (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) हवं असंही नाही. या कामाला १.५ टेस्लाचं मशीन उत्तम चालतं.

मिरजेत एमआरआय असताना पुण्या-मुंबईला का जायचं, असं तुम्ही विचारलंत. जायलाच हवं असं नाही. आधी फोन करा. विचारा, की तुम्ही ईसीजीशी जोडून हृदयाचा एमआरआय करता का, फ्लोचं मोजमाप देता का, आणि जन्मजात हृदयदोषाचे रिपोर्ट कोण वाचतं, महिन्याला असे किती येतात. गुडघ्याचे आणि मणक्याचे उत्तम एमआरआय करणारं सेंटर हेही करत असेलच असं नाही. “डॉक्टरांना विचारून सांगतो” असं उत्तर आलं तर थांबा. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, ते कोणाच्या आकड्यांवर विश्वास ठेवतात. शेवटी निर्णय त्या आकड्यांवर त्यांनाच घ्यायचाय.

सीटी स्कॅन खरंच लवकर होतो, रक्तवाहिन्यांची रचना त्यात लख्ख दिसते, आणि ज्याच्या अंगात पेसमेकर आहे अशा माणसाला तो सोयीचा पडतो. पण सीटी प्रवाह मोजत नाही आणि त्यात किरणोत्सर्ग असतो. ज्या मुलाला आयुष्यभर तपासण्या करायच्या आहेत, त्याच्या वाट्याला किरण जितके कमी येतील तितकं चांगलं. सीटीची वेळ पुढे कदाचित येईल, व्हॉल्व्ह बसवण्याआधी. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग अजिबात नसतो. “त्या मशीनचे किरण पोरांना बाधतात” हे शेजारणीचं म्हणणं मनातून काढून टाका.

इंजेक्शनची भीतीही तुम्ही लिहिली आहे. कप्प्याचं माप आणि गळती काढायला इंजेक्शन लागत नाही. रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात, किंवा हृदयाच्या स्नायूत व्रण किती आहे ते पाहावं, यासाठी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. ते कशासाठी देताय हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. छातीच्या हाडाला बांधलेल्या स्टीलच्या तारांमुळे एमआरआय अडत नाही. चित्रात तिथे छोटासा काळा डाग येतो, इतकंच. स्टेंट, कॉइल (रक्तवाहिनी बंद करायला बसवलेली वेटोळी तार), पेसमेकर असं काही असेल तर मात्र त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत जायचं नाही.

१३ वर्षांच्या मुलाला सहसा भूल लागत नाही. पाऊणएक तास निजून राहावं लागेल. आवाज मोठा येतो, ठक-ठक, मग घुर्रर्र, म्हणून कानाला हेडफोन देतात. हातात एक रबरी फुगा देतात, भीती वाटली की दाबायचा. “श्वास घे, सोड, पूर्ण सोड, आता थांबव” असं सांगतात आणि दहा-पंधरा सेकंदांनी “घे” म्हणतात. श्वास सोडून थांबणं मुलांना आधी जमत नाही. घरी आठवडाभर रात्री अंथरुणावर त्याच्याशी खेळ लावा, मोबाइलवर सेकंद मोजा. मी सांगते, सराव करून आलेल्या मुलाची चित्रं पाहताक्षणी ओळखू येतात. तुम्हाला आत त्याच्या पायाशी बसू देतील. त्यासाठी मंगळसूत्र, जोडवी, केसातला चाप आणि साडीची पिन आधीच काढून ठेवा. पिन हमखास विसरते.

खर्चाचं तुम्ही संकोचाने लिहिलंय. ठिकाणाठिकाणी बराच फरक असतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनं बसतात, पण नुसती तपासणी बसेल असं धरून चालू नका. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना रेशनकार्ड दाखवून विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकांना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटा. आणि शाळेत आरोग्य तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं. मुलाचं नाव त्यांच्याकडे आहे का, ते मुख्याध्यापकांकडून कळेल.

आणि समजा, आकडे त्या रेषेपाशी आलेच. तरी घाई नसते. नवीन व्हॉल्व्ह फार लवकर बसवला तर तो झिजतो आणि तरुणपणीच पुन्हा बदलावा लागतो. फार उशीर केला तर कप्पा परत आक्रसत नाही. या दोन्हींमधली वेळ साधायची असते, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने विचार करायला सवड असते. दुसरं म्हणजे, आता प्रत्येक वेळी छाती उघडावी लागतेच असं नाही. २००० साली पॅरिसमध्ये एका १२ वर्षांच्या मुलाला रक्तवाहिनीतून नळी नेऊन फुप्फुसाकडचा व्हॉल्व्ह बसवण्यात आला, तो जगातला पहिला. आज ही पद्धत भारतातही होते. सगळ्यांना ती जमत नाही, ठिगळाच्या जागेची रुंदी आणि जवळून जाणाऱ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहून ठरतं. पण तुमच्या मनात ऑपरेशन म्हटलं की जे १२ वर्षांपूर्वीचं दार उभं राहतं, त्याच दारातून पुन्हा जावं लागेल असं धरू नका.

एकाचं मत मात्र मला पत्रात कुठेच दिसलं नाही, मुलाचं. तो आठवीत आहे. छातीवरच्या व्रणाबद्दल मित्र विचारतात तेव्हा तो काय सांगतो, तुम्हाला ठाऊक आहे का? मोठ्यांची कुजबूज त्याच्या कानावर गेलीच असणार, आणि न सांगितलेल्या गोष्टींची तो मनात भलतीच जुळवाजुळव करत असेल. त्याला शेजारी बसवा आणि साध्या शब्दांत सांगा: तुझ्या हृदयाची एक झडप गळते, किती गळते ते मोजायचंय, दुखणार नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या. पाच-सात वर्षांनी कॉलेजसाठी तो दुसऱ्या गावी जाईल, तेव्हा ही फाइल त्याच्या पिशवीत असायला हवी आणि त्यात काय लिहिलंय ते त्याला सांगता यायला हवं.

फाइलवरून आठवलं. तुम्ही इकोच्या तीन रिपोर्टांचे फोटो पाठवलेत, पण पहिल्या ऑपरेशनचा कागद त्यात नाही. ठिगळ कड्यावरून नेलं होतं का, कसलं वापरलं, डाव्या फाट्यावर काही काम केलं का, हे सगळं त्या डिस्चार्ज कार्डात आणि ऑपरेशनच्या नोंदीत असतं, आणि एमआरआय वाचणाऱ्याला ते आधी कळलं तर कुठे बारकाईने पाहायचं ते ठरवता येतं. मुंबईच्या त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागाकडे याच आठवड्यात अर्ज करा. १२ वर्षांपूर्वीचं कागदपत्र शोधायला त्यांना वेळ लागतो, तेव्हा एमआरआयची तारीख त्यानंतरची घ्या. आणि तपासणी झाली की कागदावरच्या रिपोर्टसोबत सगळ्या चित्रांची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी तीच लागणार आहे.